मान, खिसा आणि दप्तर: बल्गेरियातल्या व्यवहाराचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने व्यापारी शिष्टाचारावर बोलावं हे जरा विचित्रच. पण विषय आपल्यापैकीच काहींनी सुचवला, आणि सुचवला तेव्हा वाटला त्यापेक्षा तो खोल निघाला.

हल्ली कामानिमित्त परदेशी जाणाऱ्या लोकांच्या हातात एक पुस्तिका ठेवतात. अमुक देशात हे करा, ते करू नका. बल्गेरियाची अशी पुस्तिका उघडली की पहिल्याच पानावर इशारा असतो: तिथे मान आडवी हलवली तर 'हो' आणि वर उडवली तर 'नाही'. मग पुढे येतं की हस्तांदोलन करा, आडनावाने संबोधा, फुलं न्यायची तर विषम संख्येत न्या, कारण सम संख्येतली फुलं मर्तिकाला नेतात. पहिल्याच बैठकीत सौदा ठरेल अशी अपेक्षा धरू नका. यातलं काही चुकीचं नसतं. तरी वाचून हाती काही लागत नाही, कारण या पुस्तिकांना भूतकाळच नसतो. 'बल्गेरियन माणूस अनोळखी माणसावर लवकर विश्वास ठेवत नाही' असं एक वाक्य त्यात हमखास असतं. जणू हा त्या लोकांच्या डोळ्यांचा रंग आहे! आमचं म्हणणं असं की विश्वास ठेवणं न ठेवणं हा स्वभाव नसतो, अनुभवाचा साठा असतो. तो साठा कसा जमत गेला, ते आज बघू.

आधी त्या मानेचं बघू, म्हणजे ते मनातून जाईल. याविषयी एक दंतकथा सांगतात. तुर्की शिपायाने गळ्याशी तलवार धरून विचारलं, धर्म बदलतोस का? माणसाने तोंडदेखलं 'हो' दर्शवलं, पण मनात 'नाही' धरलं, आणि पुढे सगळ्यांनी मिळून खुणांची अदलाबदल केली. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा काही नाही. मान मागे टाकून 'नाही' म्हणण्याची पद्धत ग्रीसमध्ये आहे, तुर्कस्तानातही आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध ही खूण शोधली म्हणायचं, तोच ती वापरतो.

रोमान जेकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास या खुणांवर एक सुंदर निबंध लिहिला. १८७७-७८ च्या युद्धात रशियन सैनिक बल्गेरियात आले तेव्हा दोन्ही बाजूंची कशी गफलत झाली हे तो सांगतो. रशियनांना कळलं की इथे उलटं आहे. मग ते बल्गेरियन पद्धतीने मान हलवू लागले. पण समोरच्याला कसं कळणार, की हा रशियन आत्ता स्वतःच्या रीतीने बोलतोय की आमच्या? खरी अडचण इथे आहे. आजही परदेशी पाहुण्यासमोर बल्गेरियन माणूस सौजन्याने आपली खूण बदलतो, पाहुणाही पुस्तिका वाचून आपली बदलतो, आणि दोघे सौजन्यापायीच एकमेकांना चुकतात. पिएरो स्राफाने हनुवटीखालून बोटं फिरवणारा नेपल्सचा हातवारा करून विटगेनस्टाइनला विचारलं होतं, याचं तार्किक रूप काय? तो प्रसंग आमच्या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे. आपणा मंडळींना मात्र फार घाबरायला नको. आपणही होकार देताना मान आडवी डोलावतोच. परदेशी लोक आपल्याकडे पाहूनही असेच गोंधळतात. एक साधा उपाय आहे. 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही. मानेकडे न बघता शब्द ऐकावा.

आता मुख्य विषयाकडे. १३९३ मध्ये तर्नोवो ही बल्गेरियन राजधानी ओटोमनांकडे गेली, तीन वर्षांनी विदिनही पडलं. १८७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच शतकं, बल्गेरियन लोकांना स्वतःचं राज्य नव्हतं. या काळाला तिथे 'इगो' म्हणतात. इगो म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. हा शब्द आणि संस्कृत 'युग', मराठी 'जू' एकाच मुळातून आले आहेत. शाळेच्या पुस्तकांत 'जू' म्हणावं, 'गुलामगिरी' म्हणावं की नुसती 'ओटोमन सत्ता' म्हणावं, यावर तिथे आजही कडाक्याचा वाद होतो. त्या वादात आपण बाहेरच्यांनी घाईने बाजू घेऊ नये. व्यवहारापुरतं एवढं लक्षात घ्यावं की सत्ता परकी, काझीच्या न्यायालयात मुसलमानाविरुद्ध ख्रिश्चनाची साक्ष तत्त्वतः कमी वजनाची, आणि तक्रार घेऊन जायचं ते दार आपलं नाही, अशा परिस्थितीत करार पाळला जातो कशाच्या जोरावर? कायद्याच्या जोरावर नाही. ओळखीच्या जोरावर.

इथे भाषेची एक गंमत सांगायला हवी. तुर्कीतून बल्गेरियन भाषेत जे शब्द गेले त्यांतले बरेच मुळात फारसी-अरबी. तेच शब्द दुसऱ्या वाटेने शिवकाळाच्या आधीपासून मराठीत येऊन बसले आहेत. बल्गेरियन 'दुक्यान' म्हणजे आपलं दुकान, 'पझार' म्हणजे बाजार, 'हेसाप' म्हणजे हिशेब. 'महाला' म्हणजे महल्ला. 'सांदक' म्हणजे संदूक. 'बकशिश' सांगायला नको. 'कुसूर' म्हणजे दोष, आपला कसूर. दुकानदार ज्या वहीत उधारी मांडतो ती 'तेफ्तेर', म्हणजे आपलं दप्तर. आणि लाचेला शब्द आहे 'रुशवेत'. हिंदी चित्रपट पाहणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको. या यादीकडे नीट पाहा. प्रेमाचे, निसर्गाचे, शेतीचे शब्द स्लाव मुळाचे राहिले. बाजाराचे आणि कचेरीचे शब्द बाहेरून आले.

बाजार चालवत होत्या त्या कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघटना. त्यांना म्हणत 'एस्नाफ'. कातडी कमावणारे, लोकरीचं जाडं कापड विणणारे, सोनार, तांब्याची भांडी करणारे, प्रत्येकाचा एस्नाफ वेगळा. मुलगा 'चिराक' म्हणून लागे, म्हणजे उमेदवार. काही वर्षांनी 'काल्फा' होई, आणि मग परीक्षा देऊन, समारंभाने, 'माय्स्तोर', म्हणजे कारागीर. संघाचा शिक्का असे, नोंदवही असे आणि एक सांदक असे. त्या पेटीतल्या पैशातून व्याजाने कर्ज दिलं जाई, विधवांना मदत होई, चर्च बांधलं जाई, पुढे शाळाही. खोटा माल विकणाऱ्याला संघच दंड करी. काही ठिकाणी एकाच संघात मुसलमान आणि ख्रिश्चन दोन्ही असत, हेही सांगायला हवं. नाहीतर आपण एक सोपं चित्र मनात घेऊन घरी जाऊ.

प्लोव्हदिव्ह शहरातल्या लोकरी कापडवाल्या संघाची नोंदवही १६८५ पासूनची उपलब्ध आहे. या शहरातले व्यापारी कुठवर गेले असतील? थेट कलकत्त्यापर्यंत. अठराव्या शतकात कलकत्त्यात जी ग्रीक वसाहत होती तिच्यात प्लोव्हदिव्हहून, म्हणजे तेव्हाच्या फिलिपोपोलिसहून आलेले व्यापारी होते. त्यांचा पुढारी अलेक्सिऑस आर्गिरी हा ग्रीकभाषक ख्रिश्चन. पण कागदपत्रांत त्याच्या नावाआधी 'हाजी' लागतं. चकित होऊ नका. बाल्कनमधला ख्रिश्चन जेरुसलेमची यात्रा करून आला की त्यालाही 'हाजी' म्हणत. बल्गेरियात 'हाजियेव' अशी आडनावं अजून आहेत. यात्रा करून आलेल्या माणसाचा बाजारात मान वाढे. एवढा पैसा, एवढा वेळ आणि एवढा धोका पत्करू शकणारा माणूस उधारी बुडवून पळणार नाही, असा हिशेब त्यामागे असणारच. बँकेचं पतपत्र नसलेल्या जगात माणसाचं नाव हेच पतपत्र.

अर्थात सगळेच व्यापारी समाजाला प्रिय नव्हते. गावातल्या धनाढ्य पुढाऱ्याला 'चोर्बाजी' म्हणत. मराठी कानाला त्यात आधी 'चोर' ऐकू येतो, आणि गरीब शेतकऱ्यांचं मत कदाचित फार वेगळं नसावं! पण शब्द आहे 'चोर्बा'वरून, म्हणजे शोरबा. ज्याच्या घरी चार माणसांना रस्सा वाढला जातो तो. हे लोक सरकार आणि गाव यांच्यामधले. कर गोळा करण्यात यांचा हात, शाळेला देणगी देण्यातही यांचाच हात. मध्यस्थाकडे संशयाने पाहायचं, आणि तरी काम त्याच्याशिवाय होत नाही हेही जाणून असायचं. ही दुहेरी वृत्ती तिथे तेव्हापासूनची आहे, असं आम्हाला वाटतं.

पण या व्यापारी वर्गाने जे केलं ते विलक्षण आहे. १७६२ मध्ये पाइसी नावाच्या साधूने आथोस पर्वतावरच्या मठात बल्गेरियन लोकांचा इतिहास लिहून पुरा केला. आपल्या भाषेची आणि नावाची लाज बाळगू नका, हा त्याचा रोख. छापखाना नव्हता. हस्तलिखिताच्या नकला गावोगाव फिरल्या. शाळा हवी हे पटल्यावर पैसा आला तो दुकानदारांकडून. वासिल आप्रिलोव हा ओदेसात व्यापार करणारा गाब्रोवोचा माणूस. त्याच्या आणि निकोलाय पालाउझोवच्या पुढाकाराने १८३५ मध्ये गाब्रोवोत पहिली आधुनिक बल्गेरियन शाळा निघाली. सोफिया विद्यापीठाच्या दारात आज दोन भावांचे पुतळे बसलेले दिसतात, एव्लोगी आणि ह्रिस्तो गेओर्गियेव यांचे. तेही कार्लोवोचे व्यापारी, बुखारेस्टमध्ये पैसा मिळवलेले. १८७० मध्ये सुलतानाकडून स्वतंत्र बल्गेरियन चर्चचं फर्मान मिळवलं गेलं, त्या लढ्यामागेही एस्नाफ होते. राज्य १८७८ मध्ये आलं. शाळा, चर्च आणि वाचनालय त्याच्या आधी आलं.

वाचनालयाला तिथे 'चितालिश्ते' म्हणतात. पहिलं १८५६ मध्ये निघालं, डॅन्यूबकाठच्या स्विश्तोव गावी. तिथे पुस्तकं वाचत, नाटकं करत, व्याख्यानं देत. 'वाचणे' या अर्थाचा हा स्लाव धातू आणि आपला 'चित्', 'चेतति' हे नात्यातले आहेत. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही व्युत्पत्ती सांगताना फार आनंद होतो, तो आपण सहन करावा.

गाब्रोवोचा उल्लेख झाला तर त्यांच्या कंजूषपणाच्या विनोदांचाही करायला हवा. हिवाळ्यात मांजर आत येताना दार लवकर बंद व्हावं, ऊब वाया जाऊ नये, म्हणून गाब्रोवोची माणसं मांजराची शेपटी कापतात म्हणे. हे विनोद दुसरे कुणी त्यांच्यावर करत नाहीत. ते स्वतःच सांगतात, आणि १९७२ मध्ये त्यांनी विनोदाचं संग्रहालयच काढलं. व्यापाराला गेलात आणि समोरचा स्वतःच्या चिक्कूपणावर विनोद करू लागला तर समजावं की बोलणी आता नीट सुरू झाली. त्यांची एक म्हण आहे: आपण भाऊ-भाऊ, पण आपल्या 'केसिया' काही बहिणी नाहीत. केसिया म्हणजे पैशाची पिशवी. तिचा आणि आपल्या 'खिसा' शब्दाचा जन्म एकाच फारसी शब्दातून. मैत्री असावी आणि हिशेब चोख असावा. यात त्यांना विसंगती दिसत नाही.

आता ज्या पुस्तकाशिवाय हा विषय पुरा होत नाही, त्याकडे येतो. आलेको कोन्स्तान्तिनोव, जन्म १८६३, गाव तेच स्विश्तोव. शिक्षण ओदेसाला, पेशा वकिलीचा, टोपणनाव 'सुखी माणूस', आणि खिशात पैसे कधीच नाहीत. १८९३ मध्ये तो शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन. तिथे बल्गेरियन दुकानात गुलाबाचं अत्तर विकणारा एक माणूस त्याने पाहिला, आणि त्यातून पुढे 'बाय गान्यो' हे पात्र उभं राहिलं. या कथा १८९४ मध्ये एका मासिकात येऊ लागल्या. मासिकाचं नाव 'मिसल'! त्याचा अर्थ 'विचार'. पावाशी संबंध नाही. पुस्तक १८९५ चं.

'बाय' हे वडीलधाऱ्या पुरुषाला लावायचं आदराचं आणि सलगीचं संबोधन, आपल्या 'दादा' किंवा 'अण्णा'सारखं. बाय गान्यो गुलाबाच्या अत्तराच्या कुप्या घेऊन युरोपभर फिरतो. काझान्लक आणि कार्लोवोच्या खोऱ्यातलं हे अत्तर; एक किलोसाठी तीन-चार टन पाकळ्या लागतात, त्यामुळे कुपी म्हणजे सोनंच. तो व्हिएन्नाला जातो, प्राहाला जातो. कुप्या कुणी चोरेल म्हणून त्या अंगावेगळ्या करत नाही. दुसऱ्याच्या शिदोरीवर मोकळेपणाने हात मारतो, आपली थैली उघडत नाही. ऑपेराला जातो, सार्वजनिक स्नानगृहात धुमाकूळ घालतो. वाचक हसतो. पण उत्तरार्धात हाच माणूस मायदेशी परततो, निवडणूक दांडगाईने जिंकतो, वर्तमानपत्र काढतो, आणि हसू ओसरतं.

बल्गेरियन लोक या पुस्तकावर सव्वाशे वर्षं भांडताहेत. बाय गान्यो म्हणजे आम्ही का? की तो फक्त एका काळातला नवश्रीमंत? कुणी उद्धट वागला की आजही त्याला बाय गान्यो म्हणतात. आम्हाला मात्र या पात्राविषयी थोडी सहानुभूती वाटते. तो युरोपात जातो तेव्हा त्याच्या देशाला स्वातंत्र्य मिळून पंधरा-सोळा वर्षं झालेली. एस्नाफच्या जगात त्याचे नियम पक्के होते: कोण आपला, कुणाशी जपून, कुठे घासाघीस. व्हिएन्नात तो नियम बरोबर घेऊन गेला, पण त्या नियमांना अर्थ देणारा शेजार मागे राहिला. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे आपल्याला लाज कुणाची? शिष्टाचाराचा प्रश्न खरं तर हाच आहे, आणि आलेकोने तो अत्तर विकणाऱ्याच्या तोंडून विचारला. तो असभ्य आहे, यात शंका नाही. पण गाडीच्या डब्यातले त्याचे सुशिक्षित देशबांधव त्याला पाहून इतके ओशाळतात का, हेही विचारावं. परक्यांसमोर आपल्यातल्याच एकाची लाज वाटणं हा अनुभव आपल्याला अपरिचित नाही.

आलेकोचा शेवट वाईट झाला. मे १८९७ मध्ये प्रवासात त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यांना मारायचं होतं बरोबरच्या राजकारणी मित्राला. गोळीने भेदलेलं त्याचं हृदय स्विश्तोवच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे.

पुढचा काळ भरभर घेऊ. १९४४ ते १९८९ कम्युनिस्ट राजवट. 'गोस्पोदिन' म्हणजे श्रीयुत, हा शब्द जाऊन 'द्रुगार', कॉम्रेड, आला. दुकानात माल नसे, म्हणून 'व्रझ्की' म्हणजे ओळखीपाळखी हेच खरं चलन झालं. शतकानुशतकांची सवय नव्या राजवटीत उलट घट्टच झाली. पाहुण्यांना आज 'परंपरागत' म्हणून जे शोप्स्का सॅलड वाढतात, टोमॅटो, काकडी आणि वर पांढरं चीज, तेही या काळातलंच. सरकारी पर्यटनसंस्थेच्या हॉटेलांनी ते रूढ केलं; झेंड्याचे तिन्ही रंग त्यात बरोबर जमतात. चवीला उत्तमच आहे, तक्रार नाही.

नावांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. बल्गेरियन नाव तीन भागांचं असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अगदी आपल्यासारखं. तोदोर ह्रिस्तोव झिव्कोव, म्हणजे ह्रिस्तोचा मुलगा तोदोर. औपचारिक बोलण्यात आडनाव आणि 'व्ही', म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'ती' म्हणजे 'तू' वर यायचं ते थोरल्याने सुचवल्यावर. पुस्तिका इथे थांबते. पण याच झिव्कोवच्या सरकारने १९८४-८५ च्या हिवाळ्यात देशातल्या सुमारे ८ लाख तुर्की नागरिकांची नावं सक्तीने बदलली. आजोबांची, मेलेल्यांचीसुद्धा. १९८९ च्या उन्हाळ्यात ३ लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून तुर्कस्तानात गेली. ज्यांच्यावर पूर्वी सत्ता गाजवली गेली त्यांनी सत्ता हाती आल्यावर हे केलं. त्यामुळे सोफियात किंवा कर्जालीत जेवणाच्या टेबलावर 'तुमचं नाव मूळचं कुठलं?' हा आपल्याकडे सहज विचारला जाणारा प्रश्न तिथे सहज नसतो.

१० नोव्हेंबर १९८९ ला झिव्कोव गेला. मग आली ती नव्वदची वर्षं. सरकारी क्रीडाशाळांतून वाढलेले पैलवान बेकार झाले आणि 'विमा' या गोंडस नावाखाली दुकानदारांकडून खंडणी उकळू लागले. १९९६ मध्ये एकामागून एक बँका बुडाल्या. फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात किमती तिपटीच्या वर गेल्या. निवृत्तांची आयुष्यभराची बचत भाजीपाल्याच्या भावाची झाली. हा धक्का बसलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि बहुधा टेबलाच्या पलीकडे निर्णय घेणारी तीच आहेत. ती करारावर सही करण्याआधी तीन वेळा भेटतात, जेवायला नेतात, घरच्यांची चौकशी करतात, राकिया ओतून 'नाझ्द्रावे' म्हणताना डोळ्यांत बघतात. पुस्तिका याला 'संबंधांना महत्त्व देणारी संस्कृती' म्हणते. ही माणसं फक्त एस्नाफची जुनी परीक्षा घेत असतात.

१ जुलै १९९७ ला सरकारने लेव्ह हे चलन जर्मन मार्काला बांधलं, मार्क गेल्यावर ते युरोला बांधलं गेलं, आणि १.९५५८३ लेव्हला एक युरो हा दर त्यानंतर कुठल्याही सरकारने हलवला नाही. किती सरकारं आली-पडली, पण हा आकडा तसाच राहिला. १ जानेवारी २०२६ ला लेव्ह जाऊन युरो आला तोही याच दराने. नोटा बदलल्या, तरी खेड्यातल्या दुकानात महिनाअखेरपर्यंतची उधारी अजून वहीत मांडली जाते, आणि त्या वहीला अजून तेफ्तेरच म्हणतात.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.